साहेब येऊन गेले, पुढे काय?

शाल, पुष्पगुच्छ, दोन भाषणे आणि चहा. आमदारांचा गावदौरा बहुधा असाच पार पडतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो, आठवडाभर तो मोबाईलवर फिरतो, आणि मोहल्ल्याच्या मागण्या पुढच्या दौऱ्याची वाट पाहत राहतात. दरवेळी दोष आमदारांचाच असतो असे नाही. आपण त्यांच्या हाती नेमके काय दिले, हेही एकदा तपासायला हवे.

शाळेची शिक्षिका म्हणून अशा अनेक सभांना मी हजर राहिले आहे. मागण्यांची यादी आता पाठ झाली आहे: कब्रस्तानची भिंत, शादीखाना, मोहल्ल्यातला रस्ता. तिन्ही गरजेचेच. पण उर्दू शाळेतली शिक्षकांची रिकामी पदे, मुलींचे स्वच्छतागृह, आणि पुढची शाळा लांब म्हणून सातवी-आठवीनंतर घरी बसलेल्या मुली या यादीत क्वचितच येतात. कारण साधे आहे. ज्यांना रोज याची झळ बसते त्या आया सभेत नसतात.

दुसरी अडचण अशी की कोणती मागणी कोणत्या वाटेने जाते हेच आपल्याला ठाऊक नसते. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी असतो. २०२० पूर्वी तो २ कोटी होता. हा पैसा आमदारांच्या खिशात येत नाही. ते पत्राने काम सुचवतात, संबंधित विभाग अंदाजपत्रक करतो, जिल्हाधिकारी मान्यता देतात आणि मग काम निघते. त्यामुळे शाळेची खोली किंवा स्वच्छतागृह हवे असेल तर जागेची कागदपत्रे आणि ठराव अर्जासोबत जोडलेले बरे. नुसते तोंडी सांगितलेले काम सभामंडपातच राहते.

मात्र या निधीतून खोली बांधता येते, शिक्षक नेमता येत नाही. शिक्षकभरती राज्य सरकारच्या धोरणाने होते. तिथे आमदारांचे खरे हत्यार म्हणजे विधानसभा. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना आली की मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते. त्यासाठी आमदारांना भाषण नको, आकडे हवेत: मंजूर पदे किती, भरलेली किती, पट किती. हे आकडे मुख्याध्यापक देऊ शकतात. नाही मिळाले तर १० रुपये भरून माहिती अधिकारात मागता येतात. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

सभागृहातल्या आणि मंत्रालयातल्या कामाचे मोल किती, याचे एक उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. रायगडच्या श्रीवर्धनमधून निवडून येणारे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. आज चार दशकांनंतरही कित्येक विधवा आणि निराधार स्त्रियांचा महिना त्या पैशांवर निघतो. त्या काळातले हारतुरे कोणाला आठवत नाहीत, योजना मात्र घराघरांत पोहोचली. आपल्या मोहल्ल्यातली एखादी खाला अजून तिच्यापासून वंचित असेल, तर तिचा अर्ज तहसील कार्यालयात भरून देणे हे काम आमदारांची वाट न पाहता आपणही करू शकतो.

आणि काही मागण्यांना निधीच लागत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे. पण शाळा अकराला आणि गाडी साडेबाराला असेल, तर त्या पासचा उपयोग काय? गाडीची वेळ बदलण्यासाठी आगार व्यवस्थापकांकडे आमदारांचे एक पत्र आणि चार दिवसांचा पाठपुरावा पुरतो. एवढ्याने पाच मुलींची नववी वाचू शकते.

म्हणून पुढचा दौरा ठरला की आधी आयांना विचारा. तीनच मागण्या कागदावर घ्या, प्रत्येकीपुढे कोणत्या कार्यालयाचे काम ते लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. फोटो जरूर काढा. पण महिन्याभराने आमदारांच्या कार्यालयात ती पोच घेऊन कोण जाणार, त्याचे नाव सभा उठण्याआधी ठरवा.