एन्टरप्राइझचा मूळ रंग

१९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची. तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात टीव्ही असलेली घरं मोजकीच होती. त्या घरांत शेजारची मुलं येऊन बसत आणि ‘एन्टरप्राइझ’ नावाचं अंतराळयान डोळे विस्फारून पाहत. अवाढव्य दिसणारं ते यान खरं तर लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्र्याची सुमारे अकरा फुटांची प्रतिकृती होती. ती आजही शाबूत आहे आणि पुन्हा मूळ रूपात उभी आहे. त्यात साध्या प्रेक्षकांचा वाटा मोठा आहे.

यानाचा आराखडा मॅट जेफ्रीज यांचा. रिचर्ड डेटिन यांनी आधी तीन फुटांची छोटी प्रतिकृती केली. मोठी प्रतिकृती त्यांच्याच देखरेखीखाली कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या कार्यशाळेत डिसेंबर १९६४मध्ये पुरी झाली. मालिका ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली, तोवर यानात दिवे बसवले गेले होते. दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने बाहेर काढल्यामुळे ती बाजू अर्धवटच राहिली. कॅमेऱ्यासमोर यायची ती उजवी बाजू. यान उलट दिशेला जाताना दाखवायचं असेल, तर त्यावरची अक्षरं उलटी चिकटवून चित्रण करत आणि मग फिल्मच उलटी करून घेत.

१९६९मध्ये मालिका बंद पडली. १९७४मध्ये पॅरामाउंट स्टुडिओने प्रतिकृती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला देऊन टाकली. संस्थेच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात तिची १९७४, १९८४ आणि १९९१ अशी तीनदा दुरुस्ती झाली. १९९१च्या दुरुस्तीत पृष्ठभागावर रेघा आणि छटा ठळकपणे रंगवल्या गेल्या आणि जाणत्या चाहत्यांना ते खटकलं. पडद्यावर पाहिलेलं यान असं नव्हतं, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. पुढे बरीच वर्षं यान संग्रहालयाच्या दुकानात तळमजल्याखाली ठेवलेलं होतं.

सप्टेंबर २०१४मध्ये ते तिथून हलवून व्हर्जिनियातल्या संवर्धन प्रयोगशाळेत नेलं. यान मूळ रूपात आणायचं ठरलं, पण चित्रीकरणाच्या काळातही त्यात वेळोवेळी बदल झाले होते. मग नेमकं कोणतं रूप मूळ मानायचं? अभिरक्षक मार्गारेट वाइटेकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९६७ हा काळ पक्का केला. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या भागाच्या चित्रीकरणाचा तो काळ. त्यानंतर मालिकेसाठी यानात फेरफार झाल्याची नोंद नाही.

या निर्णयाला पुरावा लागणार होता. ऑक्टोबर २०१५मध्ये संग्रहालयाने लोकांना जाहीर आवाहन केलं : १९७६च्या आधीची, स्वतः काढलेली छायाचित्रं किंवा फिल्म असेल तर कळवा. १९७२मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डन वेस्ट कॉलेजात ही प्रतिकृती मांडली होती. तेव्हा पाहायला आलेल्या लोकांनी हौसेने काढलेले फोटो आता दस्तऐवज ठरले. संग्रहालयात येण्याआधी यान कसं दिसत होतं, हे त्यांत टिपलेलं होतं. सल्लागारांमध्येही मायकल आणि डेनिस ओकुडा, गॅरी केर अशी माणसं होती. या यानाचा आयुष्यभर बारकाईने अभ्यास करणारी.

संवर्धकांनी यानाची क्षकिरण तपासणी केली. जुने फोटो काळानुसार रंग बदलतात, म्हणून नुसत्या फोटोंवर विसंबता येत नव्हतं. रंगाचे थर एकेक करून उघडले, तेव्हा खालचा मूळ करडा रंग सापडला. यानाच्या तबकडीच्या वरच्या भागावरचा १९६०च्या दशकातला रंग तसाच टिकून होता, तो त्यांनी राखला. जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी आले. डावी बाजू मात्र मुद्दामच अपुरी ठेवली, कारण ती अपुरी असणं हाच इतिहास होता. १ जुलै २०१६ रोजी संग्रहालयाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी यान मुख्य दालनात दाखल झालं. चंद्रावर गेलेल्या माणसांच्या आठवणी जपणाऱ्या त्या दालनात कल्पनेतल्या यानाला मिळालेली जागा योग्यच आहे.

डेटिन यांची तीन फुटांची पहिली प्रतिकृती मात्र १९७०च्या दशकाच्या अखेरीस गहाळ झाली होती. २०२३मध्ये ती ‘ईबे’वर विक्रीला आली आणि चाहत्यांच्या नजरेने ती लगेच हेरली. तपासणीत खरी ठरल्यावर २०२४मध्ये ती मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या मुलाकडे परत गेली.

हा सगळा मागोवा आपल्या भागासाठीही बोध देणारा आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराचं वय आपण खात्रीने सांगतो, कारण शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख तिथे आहे. आपल्या इतर आठवणींना असा दगडी आधार नाही. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं कल्याण कँपातल्या ज्या लष्करी बराकींत राहिली, त्यांतूनच पुढे उल्हासनगर उभं राहिलं. त्या बराकींचं रूप आज शोधायचं तर घरोघरचे अल्बमच उघडावे लागतील. बदलापुरात २६ जुलै २००५च्या पुरात उल्हास नदीचं पाणी घरांत शिरलं. अशा पाण्यात फोटो टिकत नाहीत.

म्हणून एक विनंती. घरातले जुने फोटो काढा आणि ते कुठले, कधीचे, हे वडीलधाऱ्यांना विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. गणपतीची आरास, बराकीचा दरवाजा, जुनं स्टेशन, गिरणीचा भोंगा, काहीही असो. त्यांची एक प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा आणि आपल्या गावाच्या वाचनालयालाही एक द्या. पुढे कुणी गावाचं खरं रूप शोधू लागलं, तर त्याला हाच पुरावा उपयोगी पडेल.