दिवसाढवळ्या दिवे

गावाकडे आमच्या माळवदाच्या घराला साणे आहे. सकाळी आजी त्यावरचा पत्रा सरकवते, की चुलीपुढे उजेड पडतो. ऊन डोक्यावर आले की पत्रा अर्धा ओढते आणि आभाळ दाटले तरच दिवा लावते. मोठ्या इमारतीत हे काम करणाऱ्या उपकरणास संवेदक म्हणतात.

उजेड पडताच विद्युतप्रवाह बदलणारा अर्धवाहकाचा लहानसा तुकडा त्यात असतो. उजेडाचे माप लक्स. वाचनास साधारण ३०० लक्स पुरतात; भर उन्हात उघड्यावर सुमारे १ लाख असतात. खिडकीतून २०० लक्स येत असतील, तर दिव्याने उरलेले १०० द्यायचे.

मग एकच संवेदक का पुरत नाही? खिडकीपासून आत जावे तसा उजेड झपाट्याने घटतो. खिडकीजवळच्या संवेदकाचे ऐकले तर कोपरा अंधारात बुडेल. कोपऱ्यातल्याचे ऐकले तर सगळे दिवे जळत राहतील. म्हणून जागोजागी संवेदक बसवून प्रत्येक ओळीचे दिवे वेगळे सांभाळतात. ढग सरकताच दिव्यांची उघडझाप होऊ नये म्हणून संवेदक काही मिनिटे थांबतो. तिरीप डोळ्यांवर आली की माणसे पडदे ओढतात व ते दिवसभर तसेच राहतात; म्हणून काही ठिकाणी पडद्यांच्या पट्ट्याही यंत्रच फिरवते.

पुण्यात हडपसरला सुझलॉन कंपनीने वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर बेनिंजर यांच्याकडून बांधून घेतलेल्या ‘वन अर्थ’ या इमारतीत असे संवेदक बसवले गेले. केंद्र सरकारच्या २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनेही मोठ्या इमारतींतील प्रकाश-नियंत्रणाचे नियम घालून दिले.

आता आपले वाचनालय पाहा. आठ नळ्या, बटण एक. वीज वाचवावी म्हणून कुणी ते बंद केले, की कोपरा अंधारतो, आणि एस.टी.ने उशिरा पोचणाऱ्यांच्या वाट्याला नेमका तोच कोपरा येतो. चालू ठेवले, तर खिडकीकडच्या चार नळ्या फुकट जळतात. प्रत्येकी २० वॅट धरले, तर सहा तासांत जवळजवळ अर्धा युनिट. २०० दिवसांत सुमारे ९६ युनिट.

संवेदक महाग वाटत असतील, तर निदान दोन बटणे करावीत. खिडकीकडची ओळ कधी बंद करायची, एवढे आपल्या डोळ्यांनाही कळते. आजीला ते शाळेत न जाताही कळले आहे.