गुडघ्याला खोडवा नाही



लागणीच्या नोंदी घेत आम्ही निलंगा भागात गावोगाव फिरतो, तेव्हा वडीलधारे सभासद सांगतात, "साहेब, गुडघ्यातलं वंगण संपलं बघा!" वास्तविक वंगण सहसा संपत नाही; उलट दुखऱ्या गुडघ्यात पाणी वाढून सूज येते. झिजते ती कूर्चा.

सांध्यात हाडांच्या टोकांवर पांढरे, गुळगुळीत अस्तर असते, तीच कूर्चा. गुडघ्यात तिची जाडी साधारण 2 ते 4 मिलीमीटर. उसात जसा तंतू आणि रस, तसे कूर्चेत कोलॅजनचे चिवट तंतू आणि वजनाच्या 65 ते 80 टक्के पाणी असते. तंतूंच्या जाळ्यात काही प्रथिने असतात. त्यांना साखरेच्याच साखळ्या जोडलेल्या असतात. काळ्या रानाने ओल धरावी तशी ती पाणी धरतात.

चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. तो भार हे कोंडलेले पाणी पेलते. दाबाने थोडे पाणी बाहेर झिरपते, विसावा मिळताच परत आत शिरते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण या ये-जा मधूनच होते. म्हणून सांधा हलता हवा.

वय, जादा वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षे उकिडवे बसून काम आणि जड ओझी यांनी हे जाळे उसवते. कूर्चा मऊ पडते, चिरते आणि शेवटी हाडावर हाड घासते. कूर्चेला दुखणे कळवणाऱ्या नसा नाहीत. त्यामुळे गुडघा दुखू लागतो तोवर बरीच झीज झालेली असते. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, असे लंडनच्या विल्यम हंटर यांनी 1743 सालीच लिहिले. आजही कोणते औषध ती पूर्ववत करीत नाही. उसाला खोडवा फुटतो, कूर्चेला नाही.

तेव्हा आहे ती जपावी. वजन आटोक्यात ठेवावे. खुरपताना अधूनमधून उठून पाय मोकळे करावेत. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरावा, मांडीचे स्नायू बळकट होतात. सपाट रस्त्याने रोज चालावे. बाजारातल्या बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत. काहींत स्टिरॉइड असते. त्याने दुखणे दबते, पण हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

दुखणे हटत नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. झीज फारच झाली तर सांधा बदलता येतो. कृत्रिम गुडघ्याचे कमाल दर केंद्र सरकारने 2017 साली बांधून दिले आहेत, तेव्हा खर्चाचा तपशील आधी विचारून घ्यावा.