उजेडाचं पाणीवाटप

विश्रांतवाडीच्या एका वाचकाने विचारलं आहे: घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, दुकानदार झगझगीत निळा 'क्लॅम' आणून देतो म्हणतो, तो धडधाकट कसा ठेवायचा? उत्तराचा पहिला भाग दोन शब्दांचा आहे. आणू नका. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि ट्रायडॅक्ना स्क्वामोसा हे लक्षद्वीप-अंदमानकडचे शिंपले २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसले आहेत. 'फार्मचा माल आहे साहेब' असं दुकानदार म्हणेलही. वनखात्याच्या माणसासमोर त्याला तेच म्हणायला सांगा.

पण प्रश्न फार चांगला आहे, कारण या प्राण्याची तब्येत पाण्याइतकीच उजेडावर ठरते. आपल्या तिसऱ्या पाणी गाळून पोट भरतात. हाही गाळतो, पण त्याची मोठी कमाई उन्हाची. उघड्या शिंपांमधून बाहेर पसरलेली जी मखमली झालर दिसते, तिच्यात एकपेशीय शैवाल ठासून भरलेलं असतं. शैवालाने केलेल्या साखरेवर शिंपला जगतो, शिंपल्याचा अमोनिया शैवालाला खत म्हणून मिळतो.

आता अडचण बघा. विषुववृत्ताजवळच्या उथळ पाण्यात ऊन इतकं कडक की वरच्या पेशी भाजून निघतील, आणि त्यांच्या सावलीत खालच्या उपाशी राहतील. हे दुखणं आपल्या कालव्यांचं आहे. हेडचा बागायतदार उसाला इतकं पाणी पाजतो की जमीन क्षारपड होते, आणि टेलला चारी कोरडीच. समित्या झाल्या, आवर्तनं ठरली, भांडणं संपली नाहीत. शिंपल्याने मात्र हे वाटप बिनबोभाट जमवलं आहे. झालरीत वर इरिडोसाइट नावाच्या चमकदार पेशी असतात आणि त्यांच्याखाली शैवालाच्या पेशी उभ्या खांबांसारख्या रचलेल्या. वरच्या पेशी कामाचा उजेड आरशासारखा परत न फेकता पुढे, खोलवर पसरवतात. तो खांबांच्या अंगावर सौम्य होऊन पडतो आणि टेलच्या शेवटच्या पेशीलाही तिचा वाटा मिळतो. शैवालाच्या फारशा उपयोगाचा नसलेला हिरवा-पिवळा उजेड बराचसा माघारी फिरतो. अ‍ॅलिसन स्वीनी आणि सहकाऱ्यांनी पलाऊ बेटांवरच्या शिंपल्यांचा अभ्यास करून हे २०१४ मध्ये मांडलं. ज्या झगमगाटावर भाळून हौशी माणूस खिसा रिकामा करतो, ती ही वाटपाची यंत्रणा आहे.

स्वीनी यांच्याच गटाने २०२४ मध्ये गणित करून या व्यवस्थेची कार्यक्षमता ६७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असं दाखवलं, आणि 'सोलर पॅनेलला लाजवणारा शिंपला' छापाच्या बातम्या सुरू झाल्या. जरा दमानं. हा हिशेब प्रकाशकणांचा आहे, विजेचा नव्हे, आणि तो प्रतिमानातून आलेला आहे. छतावरच्या पॅनेलच्या टक्क्यांशेजारी तो मांडायचा नसतो.

मला या गोष्टीत जास्त ओढ आहे ती एका विसरलेल्या माणसाची. अंड्यात शैवाल नसतं. पिल्लू ते समुद्रातून गिळतं. मग पोटातलं शैवाल झालरीत पोचतं कसं? १९४६ मध्ये इजिप्तचे प्राणिशास्त्रज्ञ के. मन्सूर यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की जठर आणि झालर यांना जोडणारा मार्ग आहे. पण या विषयातला अधिकारी आवाज होता ब्रिटनच्या सी. एम. याँग यांचा, १९२८-२९ च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेच्या प्रमुखांचा. शैवाल रक्ताच्या पोकळ्यांत राहतं, असं त्यांचं मत. मन्सूर मागे पडले. १९९२ मध्ये नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी काळजीपूर्वक काप घेऊन पाहिलं, तर जठरापासून निघून झालरीत फांद्या फुटत गेलेलं नळ्यांचं जाळं सापडलं, आणि शैवाल त्या नळ्यांत. याँग मोठेच होते, पुढे 'सर'ही झाले. पण नळी मन्सूर यांना दिसली होती.

परदेशांत जे हौशी लोक हे शिंपले रीतसर पाळतात, त्यांच्या सवयी आता कळतील. हाताची सावली पडताच झालर झटकन आत गेली, तर गडी ठणठणीत. झालरीच्या काठावर शेकडो बारीक डोळे असतात. पाणी आत घेणारं तोंड सारखं आ वासून राहिलं, तर मामला गंभीर. खडकाला धाग्यांनी चिकटलेला शिंपला ओढून काढला की पायाजवळची ग्रंथी फाटते आणि तो बहुधा वाचत नाही. अति स्वच्छ पाणीही घातकच, कारण नायट्रेट शून्यावर आणलं तर शैवालाचं खतच तुटतं. शिंपा वाढायला लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम लागतं. आणि माशांच्या रोगावर टाकीत तांब्याचं औषध घातलं, तर मासे वाचतील, शिंपला मरेल.

पुण्याच्या एप्रिलमध्ये ती टाकी २५-२६ अंशांवर ठेवायची म्हणजे चिलर आणि इन्व्हर्टर आलेच. त्यापेक्षा क्लाउनफिश पाळा. त्यांची पैदास बंदिस्त टाक्यांत होते, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही झाली आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढूनच घ्या, आणि मीठ मत्स्यालयाचंच आणा, स्वयंपाकघरातलं नको.