रायगडावरचे थेट प्रक्षेपण : सोहळा आणि त्याची नोंद

शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर माणसांची दाटी होती. त्यांतल्या ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेवले आणि ज्यांचे लिहिणे आपल्या हाती आले, असे लोक मात्र फार थोडे. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा त्यांपैकी एक. ६ जून १६७४ रोजी सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या सोनेरी टोकांवर लावलेली मानचिन्हे त्याने टिपली : मोठ्या माशांची सोन्याची मस्तके, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाचा तराजू. दरवाज्यापाशी त्याला दोन लहान हत्ती आणि दोन पांढरे घोडे दिसले. एवढ्या बिकट वाटेने ही जनावरे वर आणली कशी, याचा अचंबाही त्याने लिहून ठेवला.

आज त्याच गडावर दरवर्षी राज्याभिषेक दिन साजरा होतो आणि तो घरबसल्या मोबाईलवर पाहता येतो. हत्ती वर कसे आले हा ऑक्झिंडेनचा प्रश्न. चित्र खाली कसे येते हा आपला. त्या प्रश्नाची उकल बऱ्यापैकी झाली आहे. खाली आलेल्या चित्राचे पुढे काय होते, याचा विचार मात्र फारसा कोणी करताना दिसत नाही. या लेखात दोन्ही बाजू मांडायच्या आहेत.

आधी वाटेविषयी. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. १९९६ पासून रोपवे आहे. बाकी सामान खांद्यावरून. वाहिन्यांची उपग्रह-गाडी पायथ्याशीच थांबते. वर कॅमेरे, मिक्सर, बॅटऱ्या, जनरेटर आणि चित्र दाबून लहान करणारे एन्कोडर नावाचे यंत्र न्यावे लागते. स्वच्छ दिसेल असे प्रक्षेपण करायचे, तर दर सेकंदाला साधारण ४ ते ६ मेगाबिट इतका मजकूर अखंड बाहेर जायला हवा.

अडचण इथेच आहे. मोबाईलच्या जाळ्यात ग्राहकाकडे येणारी वाट रुंद आणि ग्राहकाकडून जाणारी अरुंद ठेवलेली असते, कारण एरवी माणसे पाहतात जास्त आणि पाठवतात कमी. सोहळ्याच्या दिवशी हे गणित उलटते. होळीच्या माळावर उभा असलेला प्रत्येक जण स्वतःच चित्रफीत पाठवत असतो. गर्दी जेव्हा सर्वांत दाट, म्हणजे मुख्य विधीच्या घटकेला, तेव्हाच वाट सर्वांत चिंचोळी होते.

यावर तीन तोडगे आहेत. पहिला, निरनिराळ्या कंपन्यांची चार-सहा सिमकार्डे एका यंत्रात घालायची. यंत्र चित्राचे तुकडे करून जी वाट मोकळी सापडेल तिने पाठवते आणि दुसऱ्या टोकाचा संगणक ते पुन्हा जोडतो. दुसरा, गडावरून खाली सरळ नजरेच्या रेषेत दोन रेडिओ तबकड्या समोरासमोर बसवायच्या आणि खालच्या केबलला जोडायच्या. मध्ये कड्याचा सुळका किंवा झाड येता कामा नये. तिसरा, सुटी करून वर नेता येईल अशी उपग्रहाची तबकडी. पण दिवस ज्येष्ठाचे. मुसळधार सर आली की उपग्रहाचा दुवा क्षीण होतो, आणि धुके उतरले की कॅमेऱ्यापुढे पांढऱ्या पडद्याखेरीज काही उरत नाही. त्यातून गड संरक्षित स्मारक. तिथे समारंभाला लेखी परवानगी लागते, तशी ड्रोनलाही. तबकडीसाठी दगडात खिळा ठोकायचा नाही, सगळे वजनावर उभे करायचे.

वाट चिंचोळी झाली की एन्कोडर चित्र आणखी दाबतो. चेहरे पुसट होतात, पालखीभोवतीची गर्दी चौकोनी ठिपक्यांची होते. म्हणजे संकेतस्थळावर जे साठते ते सोहळ्याचे मूळ चित्रण नव्हे. त्या घटकेला त्या वाटेने जेवढे निसटू शकले तेवढेच ते. मूळ चित्रण कॅमेऱ्याच्या कार्डात असते, आणि पुढच्या कामासाठी ते कार्ड बहुधा पुसले जाते.

आवाजाचे नुकसान आणखी सूक्ष्म आहे. राजसभा २२० फूट लांब. नगारखान्यापाशी हळू आवाजात बोललेले सिंहासनाच्या जागी ऐकू येते, हे रायगड पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तोच आवाज प्रक्षेपणातून पाचाडच्या मोबाईलवर पोचायला दहा ते तीस सेकंद लागू शकतात. पण मला खटकतो तो उशीर नव्हे. प्रक्षेपणासाठी आवाज बहुधा थेट मिक्सरमधून उचलतात : वक्त्याच्या तोंडाजवळचा माईक, ढोलासमोरचा माईक. त्यात शब्द स्वच्छ येतात, पण जागा ऐकू येत नाही. तोच आवाज एखाद्या मंगल कार्यालयातला म्हणून सहज खपेल. नगारखान्याच्या कमानीखाली, वारा अडवणारे आवरण घातलेला एकच माईक वेगळा ठेवला, तर ही उणीव भरून निघते.

चौकटीबाहेर काय राहते तेही पाहू. कॅमेरा मेघडंबरीकडे तोंड करून असतो. चित्त दरवाज्याकडून रात्रीच चढायला लागलेली माणसे, पाण्याच्या टाक्यांपाशी लागलेली रांग, लेकराला पाठीशी बांधून आलेली बाई, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक वेचणारी मुले, हे सारे त्या सोहळ्याचेच अंग आहे. इतिहासाच्या अभ्यासात एकाच बाजूचे साधन अपुरे पडते, याचा धडा राज्याभिषेकानेच दिला आहे. गागाभट्टांच्या पोथीत विधी कसा करावा ते कळते. सभासद राजदरबाराच्या आतून, पण वीसेक वर्षांनी लिहितो. ऑक्झिंडेन परका, म्हणून इतरांना नित्याच्या वाटणाऱ्या गोष्टी त्याने टिपल्या. आश्विन शुद्ध पंचमीला झालेला दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक आपल्याला तपशिलाने कळतो, तो पहिल्या विधीत उणिवा काढणाऱ्या निश्चलपुरींच्या बाजूच्या ग्रंथातून.

आता जतनाविषयी. प्रक्षेपण झाले की ते ‘नेटवर असतेच’, असा आपला समज आहे. फेसबुकने १९ फेब्रुवारी २०२५ पासून थेट प्रक्षेपणाच्या फिती ३० दिवसच ठेवण्याचा नियम केला. जुन्या फिती उतरवून घ्यायला मुदत देऊन त्याही काढून टाकण्याचे जाहीर केले. यूट्यूबवर बारा तासांहून लांबलेले प्रक्षेपण आपोआप साठवले जात नाही. या कंपन्यांचा व्यवसाय दाखवण्याचा आहे, दप्तर सांभाळण्याचा नाही. तेव्हा त्यांना दोष देण्यापेक्षा दप्तर आपण का ठेवत नाही, हे विचारावे.

ऑक्झिंडेनचा वृत्तान्त टिकला तो त्याची एकच प्रत नव्हती म्हणून. तो कंपनीच्या कागदपत्रांत राहिला आणि त्या वकिलातीची हकीकत जॉन फ्रायरच्या १६९८ च्या छापील ग्रंथातही गेली. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या हातांत असलेल्या प्रती, हा जतनाचा जुना नियम संगणकाच्या काळातही बदललेला नाही.

खर्चही डोंगराएवढा नाही. सेकंदाला ६ मेगाबिट म्हणजे तासाला २.७ गिगाबाईट, चार तासांचा सोहळा ११ गिगाबाईटच्या आत बसतो. मूळ चित्रण याच्या आठपट धरले, तरी बाजारात मिळणाऱ्या साध्या हार्डडिस्कवर अनेक वर्षांचे सोहळे मावतील.

त्यासोबत एक कागद मात्र हवाच. गडावर सोहळा तारखेने ६ जूनला होतो आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. नुसते ‘राज्याभिषेक सोहळा लाईव्ह’ असे नाव दिलेली फीत पन्नास वर्षांनी कुणाच्या हाती आली, तर ती कोणत्या दिवसाची हे त्याला चित्रातल्या ढगांवरून ओळखावे लागेल. तारीख, तिथी, कॅमेरा कुठे उभा होता, आवाज कुठून घेतला, आयोजक कोण, चित्रण कुणी केले आणि ते वापरायची मुभा कुणाला, एवढे अर्ध्या पानात मावते.

प्रक्षेपणाचे काम देतानाच आयोजकांनी करारात एक ओळ घालावी : मूळ चित्रणाच्या तीन प्रती द्याव्यात. एक आयोजकांकडे, एक महाडच्या किंवा अलिबागच्या एखाद्या ग्रंथालयात, एक पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून दप्तरे सांभाळत आलेल्या संस्थेत. दर पाच वर्षांनी ती हार्डडिस्क उघडते का, हे कुणीतरी पाहावे आणि नव्या डिस्कवर नक्कल करावी. पुढच्या ज्येष्ठापूर्वी एवढी तजवीज सहज होऊ शकते.