संगणकाचे शब्द, घरातल्या भाषेत

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यातली कितीतरी मुले-मुली एमएस-सीआयटीच्या वर्गात नाव घालतात. चांगलीच गोष्ट आहे. पण वर्गातून आलेल्या मुलाला ‘रॅम म्हणजे काय?’ असे विचारा. ‘रँडम ॲक्सेस मेमरी’ असे उत्तर चटकन मिळेल. हे नावाचे लांबलचक रूप झाले, अर्थ नव्हे.

ज्याला हात लावता येतो ते हार्डवेअर: पडदा, कीबोर्ड, माउस. त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. एवढे बहुतेकांना समजते. घोटाळा होतो तो मेमरीपाशी. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि फडताळ असते. सामान फडताळात राहते, पण रांधताना लागेल तेवढे ओट्यावर काढावे लागते. रॅम म्हणजे ओटा, स्टोरेज म्हणजे फडताळ. दुकानदार ‘८ जीबी, १२८ जीबी’ म्हणतो तेव्हा पहिला आकडा ओट्याचा, दुसरा फडताळाचा. या ओट्याची खोड अशी की वीज गेली की तो आपोआप रिकामा होतो. म्हणून अधूनमधून ‘सेव्ह’ करायचे, म्हणजे केलेले काम फडताळात ठेवायचे.

काम कोणत्या क्रमाने करायचे याच्या ठरलेल्या पायऱ्या म्हणजे अल्गोरिदम. वुजूचा क्रम लहान मुलालाही ठाऊक असतो. तशाच सुट्या, स्पष्ट पायऱ्या संगणकाच्या भाषेत लिहिल्या की प्रोग्रॅम होतो. हा शब्द नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमामध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्याचे लॅटिन भाषांतर झाले तेव्हा त्यांचे नाव ‘अल्गोरित्मी’ असे लिहिले गेले. ‘अल्जेब्रा’ हा शब्दही त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून आला. हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात ठळक यायला हवे होते, असो.

आता केबी आणि एमबी. संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. अशा एका खुणेला बिट म्हणतात. ८ बिट म्हणजे एक बाइट, १०२४ बाइट म्हणजे एक केबी आणि १०२४ केबी म्हणजे एक एमबी. आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत ‘सलाम’ हा शब्द देवनागरीत साठवायला १२ बाइट लागतात, उर्दू लिपीत ८. मजकूर असा हलका असतो, फोटो मात्र जड.

आणि इथेच अर्ज अडतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘फोटो ५० केबीपेक्षा कमी’ अशी अट असते आणि मोबाइलने काढलेला फोटो सहज ३ एमबीचा, म्हणजे ३०७२ केबीचा, साठपटींहून मोठा असतो. अर्ज तो घेत नाही. शेवटच्या दिवशी मुलगी रडकुंडीला येते, घरच्यांना वाटते अर्जच नामंजूर झाला. खरे तर फोटोचा आकार कमी केला की काम होते. पीडीएफ मागितली असेल तर जेपीजी फाइलचे नुसते नाव बदलून भागत नाही. मिठाच्या डब्यावर ‘साखर’ लिहिल्याने चहा गोड होईल का? फाइल त्या प्रकारात ‘कन्व्हर्ट’ करावी लागते.

आपल्याकडून तिकडे पाठवणे म्हणजे अपलोड, तिकडून आपल्याकडे घेणे म्हणजे डाउनलोड. सायबर कॅफेत अर्ज भरताना आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला बहुधा त्या दुकानाच्या संगणकावरही उतरवला जातो आणि डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये पडून राहतो. मुलीचा फोटोही तिथेच असतो. उठण्यापूर्वी लॉगआउट करावे, आपल्या फाइली डिलीट कराव्यात, मग रिसायकल बिन उघडून तिथूनही त्या काढाव्यात. कारण डिलीट केलेली फाइल आधी तिथे जाऊन बसते. दुकानदार घाई करत असला तरी एवढी दोन मिनिटे मागून घ्यावीत.