द्विधाव एंजिनातील तेलगळती

द्विधाव एंजिनात पेट्रोल, हवा व वंगण तेल यांचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये व तेथून सिलिंडरमध्ये जाते. पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार झालेल्या बजाज चेतक (१९७२) या द्विधाव स्कूटरमध्ये क्रँककेसलगतच गिअरपेटी असून दोहोंमध्ये ऑइल सील असते. ते झिजल्यास दट्ट्या वर जाताना क्रँककेसमधील दाब घटून गिअर तेल आत खेचले जाते व जळते. दाट पांढरा धूर व तेलाने माखलेला स्पार्क प्लग ही लक्षणे पेट्रोलमध्ये जास्त तेल पडल्यासही दिसतात. म्हणून प्रथम योग्य मिश्रण (सु. २% तेल) वापरून पाहतात. तरीही धूर राहिला आणि बाहेर गळती नसताना गिअर तेलाची पातळी उतरली, तर सील बदलावे लागते. अन्यथा तेलाअभावी गिअरचे दाते झिजतात.